भरवशाचे भांडवल

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात बांधाच्या अलीकडे द्राक्षबाग आणि पलीकडे कांदा हे दृश्य नवे नाही. जमीन तीच काळी, पाणी गोदावरी-कादवेचेच, मुंबईला जाणारा रस्ता तोच, आणि पुष्कळदा दोन्ही शेतांचा मालकही एकच. तरीही या दोन पिकांभोवती उभे राहिलेले अर्थकारण पाहिले तर दोन वेगळ्या देशांत आल्यासारखे वाटते. द्राक्षाभोवती पॅकहाउस आहेत, प्रीकूलिंग आणि शीतगृहे आहेत, खोकी बनवणारे कारखाने आहेत. प्रत्येक निर्यातक्षम बागेची कृषी खात्याकडे नोंद आहे आणि माल निघण्याआधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. कांद्याभोवती मात्र ट्रॅक्टर-ट्रॉलींची रांग, लिलाव, व्यापाऱ्याचे खळे आणि गोणी. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. तिच्या आवारात आज उभा असलेला शेतकरी आजोबांच्या काळातल्या शेतकऱ्यापेक्षा फार वेगळ्या पद्धतीने माल विकतो असे म्हणता येत नाही. बैलगाडीची ट्रॉली झाली आणि भाव मोबाइलवर दिसू लागला, एवढाच काय तो फरक.

द्राक्ष आणि कांदा यांतला हा फरक मातीने पाडलेला नाही, शेतकऱ्याच्या हुशारीने तर नाहीच. सरकार या दोन पिकांशी ज्या रीतीने वागत आले त्या रीतीचा त्यात मोठा वाटा आहे. धोरण आणि गुंतवणूक यांची चर्चा आपल्याकडे बहुधा रकमेवर होते. किती सवलत दिली, किती अनुदान मिळाले, किती कोटींचे सामंजस्य करार झाले, याच्या बातम्या होतात. गुंतवणूक करणाऱ्याच्या मनातला हिशेब वेगळा असतो. आज जो नियम आहे तो माझे पैसे वसूल होईपर्यंत टिकेल का, हे तो आधी बघतो. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी रॉबर्ट पिंडाइक यांच्याबरोबर १९९४ मध्ये अनिश्चिततेतील गुंतवणुकीवर एक ग्रंथ लिहिला. त्यातला मुख्य मुद्दा कोणत्याही दुकानदाराला पटेल असा आहे: एकदा जमिनीत किंवा यंत्रात घातलेला पैसा परत काढता येत नसेल आणि पुढचे काही दिसत नसेल, तर थांबून राहणे यालाच किंमत येते. नफा दिसत असूनही माणूस हात आखडता घेतो. सगळेच असे थांबले की त्या तालुक्याचा विकास थांबतो. नाशिकच्या गेल्या साठ वर्षांकडे या नजरेने पाहिले तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी द्राक्षाकडे पाहू. निर्यातीच्या द्राक्षावर सरकारचा अंकुश कमी आहे असे नाही, उलट फार आहे. युरोपात कीटकनाशकांच्या अंशांबाबतचे नियम कडक झाले तेव्हा शेतमाल-निर्यातीचे काम पाहणारी केंद्राची ‘अपेडा’ ही संस्था, कृषी खाते आणि पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून तपासणीची एक व्यवस्था उभी केली. २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदणी सुरू झाली. तिच्यामुळे युरोपातल्या दुकानातल्या खोक्यावरून थेट निफाड किंवा दिंडोरीतल्या बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. शेतकऱ्याला फवारणीची वही ठेवावी लागली, काही औषधे सोडून द्यावी लागली, तपासणीचा खर्च सोसावा लागला. हा जाच होता, पण तो आधी सांगून केलेला जाच होता. ऑक्टोबरची छाटणी करताना शेतकऱ्याला ठाऊक असे की फेब्रुवारीत काय तपासले जाणार. ही व्यवस्था जिथे अपुरी पडली तिथे काय झाले तेही पाहावे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश युरोपात सापडले आणि नाशिकचे कंटेनर अडकून पडले. ते रसायन इकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. निर्यातदार आणि बागायतदार दोघेही कर्जात बुडाले. मग यादी सुधारली, तपासणी वाढली आणि निर्यात पुन्हा उभी राहिली. दशक संपता संपता देशाची ताज्या द्राक्षांची वार्षिक निर्यात दोन लाख टनांच्या पुढे गेली, आणि तीत सिंहाचा वाटा नाशिकचा होता. त्याच काळात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत विलास शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी वाढली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये घातले. हे पैसे बंदर, बाजार आणि नियम तिन्ही ओळखीचे झाल्यावर आले.

आता बांधाच्या पलीकडे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिकच्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. ऑक्टोबरच्या अखेरीस शुल्काच्या जागी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ३१ मार्चपर्यंत असे सांगून. मार्च उजाडला, उन्हाळ कांदा काढणीला आला, आणि त्याच महिन्यात बंदी ‘पुढील आदेशापर्यंत’ लांबली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्यापुरती २,००० टनांची वाट मोकळी झाली, त्यावर नाशिकमध्ये काय प्रतिक्रिया उमटली ते सांगायला नको. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह. सप्टेंबरात किमान मूल्य गेले आणि शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ ला तेही गेले. वीस महिन्यांत निदान सात वेळा नियम बदलला. मधल्या काळात, २० मे २०२४ रोजी, नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचे मतदान झाले आणि दोन्ही जागांवर सत्ताधारी आघाडीचे उमेदवार पडले. दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. राजकीय पंडितांनी त्याचे श्रेय कांद्याला दिले. ते पूर्ण खरे नसले तरी फार खोटेही नसावे.

याहून बोलके उदाहरण २०२० चे आहे. त्या जूनमध्ये सरकारने अध्यादेश काढून कांद्यासह अनेक शेतमालांना जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या साठामर्यादेतून मोकळे केले. खासगी भांडवल साठवणुकीत यावे हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच होता. १४ सप्टेंबरला त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी, १५ सप्टेंबरला, साठामर्यादा सैल करणारे विधेयक लोकसभेने मंजूर केले. आणि ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळीला २ टन अशी साठामर्यादा पुन्हा लागली. ज्याने त्या वेळी अध्यादेशावर विश्वास ठेवून शीतगोदाम बांधायला काढले असेल, त्याने पुढच्या वेळी काय करावे? कांदाचाळीचीही तीच कथा. चाळ बांधायला सरकार अनुदान देते, कारण उन्हाळ कांदा पाच-सहा महिने टिकवला तर शेतकऱ्याला भाव मिळेल. त्या काळात वजनात मोठी घट येते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात, ही जोखीम शेतकरी घेतो ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या भावाच्या आशेने. नेमका त्याच महिन्यांत भाव वाढला की बंदी किंवा शुल्क येते. म्हणजे एक खाते साठवायला पैसे देते आणि दुसरे खाते साठवल्याबद्दल दंड करते. नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडच्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. भाव पडतो तेव्हा सरकारची चाल संथ असते आणि चढतो तेव्हा चपळ, ही शेतकऱ्याची तक्रार त्या मनीऑर्डरमागे होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. द्राक्ष ही चैन आहे, कांदा गरिबाची भाजी आहे. मुंबईतल्या चाळीतली बाई आणि बिहारमधला मजूर यांच्या ताटातून कांदा गेला तर सरकारने नाशिकच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून गप्प बसावे काय? बसू नये. १९९८ मध्ये दिल्लीतले सरकार कांद्याने घालवले हे कोणताही राज्यकर्ता विसरत नाही. ग्राहकाचे रक्षण हा सरकारचा धर्मच आहे, पण इथे प्रश्न हस्तक्षेप कसा करायचा हा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला फार दूर जायची गरज नाही. नाशिक आणि मराठवाडा यांच्यातल्या पाण्याच्या भांडणात ते सापडते. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असा उंबरठा ठरला. नाशिककरांना हा नियम मुळीच आवडत नाही, दर टंचाईच्या वर्षी आंदोलने होतात, न्यायालयात दावे जातात. तरी नियम कडू असला तरी माहीत असतो. द्राक्षबागायतदार ऑगस्टपासून जायकवाडीचा साठा बघून आपला हिशेब मांडू शकतो. कांद्यालाही असा उंबरठा का नसावा? किरकोळ भाव अमुक आठवडे अमुकच्या वर राहिला तर राखीव साठा बाजारात येईल, त्यानेही भागले नाही तर अमुक टक्के शुल्क लागेल, आणि भाव उतरला की ते आपोआप जाईल, एवढे आधी जाहीर केले तर ग्राहकाचे काही बिघडत नाही. तेवढे झाले तर शेतकऱ्याला जुगार खेळावा लागणार नाही, आणि बांगलादेश, श्रीलंका किंवा आखातातला खरेदीदार दर वेळी पाकिस्तान-इजिप्तकडे वळणार नाही. एकदा तिकडे वळलेला खरेदीदार बंदी उठली म्हणून परत येईलच असेही नाही.

दुसरा आक्षेप असा की द्राक्ष मुळात भांडवली पीक आहे, बाग उभी करायला एकरी लाखांनी खर्च येतो आणि ती बारा-पंधरा वर्षे चालते; कांदा चार महिन्यांचा. तेव्हा गुंतवणुकीतला फरक पिकाच्या स्वभावाचा आहे, धोरणाचा नव्हे. यात तथ्य आहेच. पण कांद्याच्या वाळवणुकीचा धंदा गुजरातेत महुव्याला वाढला, आणि कांदा हे चार महिन्यांचेच पीक तिथेही आहे. शिवाय द्राक्षही १९६० च्या आसपास, बागायतदारांचा संघ स्थापन झाला तेव्हा, बेभरवशाचेच पीक समजले जात होते. पिकाचा स्वभावही पंचवीस-तीस वर्षांत घडवता येतो, मात्र तेवढा काळ त्याला कोणी मध्येच खुडायला नको.

धोरणाचा भरवसा म्हणजे फक्त सवलतीचा भरवसा, असे समजल्यास काय होते ते वाइनच्या उदाहरणात दिसते. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाजवळ सुला विनियार्ड्स सुरू केले तेव्हा राज्यात मोजक्याच वाइनरी होत्या. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. वाइनला उत्पादनशुल्कातून सूट मिळाली, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखले गेले. दशकाच्या अखेरीस राज्यातल्या वाइनरींची संख्या सत्तरीच्या घरात गेली. अनेक बागायतदारांनी कर्ज काढून टाक्या बसवल्या, शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्योंच्या बागा लावल्या. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले रिकामी पडली, आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून काढल्या. विंचूरच्या पार्कातले कितीतरी भूखंड नुसतेच राहिले. मंदीला दोष देणे सोपे आहे, पण खरी चूक आधीची होती. धोरणाने वाइन तयार करणे स्वस्त केले, ती पिणारा कुठून येणार याचा विचार केला नाही. दुसऱ्या राज्यात बाटली न्यायची तर प्रत्येक ठिकाणी वेगळा कर, वेगळी लेबल-नोंदणी. जे तगले त्यांनी गिऱ्हाईक स्वतः घडवले: चाखण्याच्या खोल्या काढल्या, मुंबईकरांना शनिवार-रविवार नाशिकला आणले, बागेत राहायची सोय केली. सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात उतरली. त्याच्या कितीतरी आधी सरकारने विक्रीकराच्या २० टक्क्यांपैकी १६ टक्के परत देण्याची योजना आणली. ती मध्ये खंडित झाली, परतावे थकल्याच्या तक्रारी झाल्या, २०२४ मध्ये ती पुन्हा पाच वर्षांसाठी आली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी दिली आणि विरोधानंतर ती कागदावरच राहिली. दारूला मोकळीक द्यावी की नाही हा नैतिक वाद आपल्या जागी महत्त्वाचा आहे, आणि विरोध करणाऱ्यांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. पण निर्णय ‘नाही’ असेल तर तोही एकदा स्पष्ट ‘नाही’ असावा. अधांतरी ठेवलेल्या निर्णयावर कोणी द्राक्षवेल लावत नाही. वेलीला फळ यायला तीन वर्षे लागतात.

शेतीबाहेर आले तरी चित्र फार बदलत नाही. नाशिकचे उद्योग पाहताना आधी नाशिकरोडकडे बघावे लागते. सिक्युरिटी प्रेसचे काम १९२५ मध्ये आणि नोटांच्या छापखान्याचे १९२८ मध्ये सुरू झाले, त्याआधी नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. मग १९६० नंतरचे दशक आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि सातपूरची वसाहत त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. १९६४ पासून राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या कारखान्याला सवलत, हे तिचे सूत्र. त्याच वर्षी ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध निवडून आले होते. दोन्ही गोष्टी वाचकाने हव्या तशा जोडाव्यात. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. राजकारणाने जागा ठरवली म्हणून गुंतवणूक वाया जाते असा एक समज आहे. ओझरने साठ वर्षांत मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० बनवली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे जोडलेले पहिले तेजस एमके-१ए आकाशात गेले. तरीही ओझरच्या बाबतीत हात राखूनच बोलावे लागते. दीर्घकाळ रेखाटने बाहेरून आली, सुटे भागही बरेचसे बाहेरून आले, आणि कुंपणाच्या आत जे कसब साठले ते अंबड-सातपूरच्या लघुउद्योगांपर्यंत हवे तेवढे झिरपले नाही. शिवाय ऑर्डर दिल्लीवर अवलंबून. सुखोईचे काम संपत आले तेव्हा पुढे काय, ही चिंता कामगारांना काही वर्षे सतावत होती. डिसेंबर २०२४ मध्ये १२ सुखोईंची नवी ऑर्डर मिळाली तेव्हा ती थोडी निवळली.

सातपूर-अंबडमध्ये झिरपणे जास्त झाले. महिंद्राचा मोटारींचा कारखाना, डिझेल इंजेक्शनची सामग्री बनवणारा मायको म्हणजे आजचा बॉश, आणि वीजसामग्रीचे कारखाने यांच्याभोवती टर्निंग, फोर्जिंग, प्लेटिंग, डाय-मेकिंग करणाऱ्या शेकडो छोट्या शेडा वाढल्या. आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्येच लिहून ठेवले आहे की एका धंद्याची माणसे एका गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की त्या धंद्याची गुपिते हवेत मिसळतात, पोरांनाही ती कळू लागतात. २००२ मध्ये स्कॉर्पिओ नाशिकमध्ये तयार होऊन बाजारात आली तेव्हा तिचे बरेच सुटे भाग करणारे हात शहरात आधीच तयार होते. आणि या उद्योगाने एक कठोर धोरणही पचवले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने जाहीर केले की वाहने भारत स्टेज चारवरून पाच वगळून थेट सहावर जातील, १ एप्रिल २०२० पासून. डिझेलच्या जुन्या नोझल-इंजेक्टरवर जगणाऱ्या नाशिकसाठी हा घाव होता. काम घटले, कंत्राटी कामगारांना झळ बसली, काही छोट्या शेडांना कुलपे लागली. पण सव्वाचार वर्षे हातात होती. ज्यांनी ती वापरली त्यांनी नवी यंत्रे आणली, नवे भाग शिकून घेतले. कांद्याच्या बंदीपेक्षा हा बदल कितीतरी मोठा होता, तरी उद्योग मोडला नाही, कारण तारीख चार वर्षे आधी ठरली होती आणि ती हलली नाही.

इथे कोणी म्हणेल, हे सारे धोरणाचे श्रेय कशाला? मुंबई पावणेदोनशे किलोमीटरवर आहे, रेल्वे आहे, हवा थंड, पाणी मुबलक. नाशिक वाढणारच होते. मुंबईचे वजन नाकारण्यात अर्थ नाही. पण मग इगतपुरी मुंबईला अधिक जवळ असून तिथे उद्योग नाशिकनंतर आणि तुरळक का आले? पेठ आणि सुरगाणा याच जिल्ह्यात आहेत, तिथे कारखान्यांचा पत्ताच का नाही? आणि ‘नैसर्गिक’ वाटणाऱ्या सोयीतही धोरणाचा हात दडलेला असतो. १९५२ पासून जवळपास चार दशके केंद्राने पोलादाचे वाहतूक-दर देशभर समान ठेवले. जमशेदपूरच्या दारातल्या कारखान्याला आणि सातपूरच्या कारखान्याला पोलाद एकाच भावात. झारखंड-ओडिशा-बंगालच्या खनिजपट्ट्याने आपला नैसर्गिक लाभ गमावला आणि बंदराजवळच्या पश्चिम भारताला तो अलगद मिळाला. नाशिकच्या यंत्रशाळांच्या यशात छोटा नागपूरच्या पठाराचा न मागितलेला वाटा आहे, हे सांगायला हवे. प्रादेशिक विकासात एकाला दिलेली सोय बहुधा दुसऱ्या कुणाच्या खिशातून येते.

जमीन हाती आली म्हणजे उद्योग आला, हा भ्रम सिन्नरने फेडला. विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा २००६ मध्ये लागू झाला आणि मुसळगाव-गुळवंचच्या परिसरात शेकडो हेक्टर जमीन घेऊन असे क्षेत्र आखले गेले. करसवलत हाच या योजनेचा प्राण होता. २०११ च्या अर्थसंकल्पाने या क्षेत्रांवर किमान पर्यायी कर लावला आणि देशभरच्या विकासकांचे गणित बिघडले. त्याच क्षेत्रात प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे राहिले, पण कोळसा आणायच्या रेल्वेमार्गाचे भूसंपादन रखडले आणि वीज विकत घेण्याचा दीर्घकालीन करार झाला नाही. हजारो कोटींची यंत्रे वर्षानुवर्षे थंड राहिली आणि प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. गंमत अशी की त्याच सिन्नर तालुक्यात, त्याच काळात, माळेगावची औद्योगिक वसाहत आणि मुसळगावची सहकारी वसाहत बऱ्यापैकी चालू होत्या. एकाच वेळी सगळे मिळेल असे वचन कोणी तिथे दिले नव्हते. प्लॉट, पाणी, वीज हळूहळू येत गेली आणि माणसे त्या वेगाने वाढली.

अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यात १९३३ पासून सरकारने धरणे, वीज आणि रस्ते यांवर प्रचंड पैसा ओतला. पॅट्रिक क्लाइन आणि एन्रिको मोरेत्ती यांनी नंतर त्याचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की मदत थांबल्यावर शेतीतला रोजगार ओसरला, कारखान्यांतला मात्र टिकून राहिला. मदत संपल्यानंतर मागे काय उरते, ही कसोटी नाशिकच्या बाबतीतही लावता येते. करमाफी संपली की तिचे काही उरत नाही. प्रयोगशाळा उरते, रस्ता उरतो, शिकलेला कामगार उरतो. नाशिकच्या वीजसामग्रीच्या उद्योजकांची बरीच वर्षे एक साधी मागणी होती. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर तपासायला भोपाळ-बंगळूरला पाठवावे लागतात, वेळ आणि भाडे जाते, तेव्हा केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा इथे व्हावी. शिलापूरला तिचे काम हाती घेतले गेले. अशा प्रयोगशाळेची बातमी पहिल्या पानावर येत नाही. समृद्धी महामार्गाची आली, आणि यायलाच हवी होती: ५ जून २०२५ रोजी इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सिन्नरच्या कारखान्याला आता नागपूर जवळ आले. नाशिक-पुणे रेल्वेची आखणी मात्र खोडदच्या महादुर्बिणीपाशी अडून पुन्हा नव्याने होते आहे, आणि ज्यांनी जुन्या आखणीच्या भरवशावर जमिनी घेतल्या ते वाट पाहत आहेत.

या साऱ्या हिशेबात जिल्ह्याचा पश्चिम भाग कुठेच नाही, आणि ही माझ्या युक्तिवादातली सर्वांत अवघड जागा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांना धोरणाच्या धरसोडीचा त्रास झाला असे म्हणता येत नाही. तिथे धरसोड करण्याइतके धोरणच पोहोचले नाही. सवलतीच्या नकाशात मागास तालुक्यांना सर्वांत जास्त टक्के दिलेले असतात. कारखाना मात्र टक्के बघून जात नाही, रस्ता आणि फिटर बघून जातो. पावसाळ्यात डोंगरावरून धो-धो पाणी वाहते आणि एप्रिलमध्ये बायका विहिरीच्या तळाशी उतरतात. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की इथली जोडपी टोळ्यांनी दिंडोरी-निफाडला येतात, बागेतच पाल ठोकून राहतात आणि काढणी संपली की परत जातात. निर्यातीच्या प्रत्येक खोक्यात त्यांचे हात आहेत. अलीकडच्या वर्षांत सुरगाण्याच्या काही गावांनी स्ट्रॉबेरी लावली, कुठल्याही पार्काशिवाय. वणी-सापुतारा रस्त्यावर हिवाळ्यात ती छोट्या खोक्यांतून विकायला मांडलेली असते. फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून सापुताऱ्याला जाणाऱ्या मोटारी जितक्या थांबतील तितकाच तिचा बाजार.